दलाल स्ट्रीटचा आवाज

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात एक छोटासा विधी होत असतो. पेढीवरचा व्यापारी वह्यांना हळदकुंकू वाहतो, तसे दलालही आपल्या चोपड्या पूजतात. आणि एरवी सुटी असलेला बाजार सुमारे तासभर उघडून नव्या संवताचे पहिले सौदे होतात. त्यांना मुहूर्ताचे सौदे म्हणतात. त्यांत नफ्यातोट्यापेक्षा शकुनाचा भाग अधिक. चार शेअर घ्यायचे, पेढा खायचा आणि घरी जाऊन मुलांबरोबर फुलबाज्या लावायच्या, एवढाच त्यांचा अर्थ.

परंतु एक दिवाळी अशी उजाडली की तिच्या मुहूर्ताने बाजाराचे सारे रूपच पालटून टाकले. तो दिवस ३ नोव्हेंबर १९९४. त्या दिवशी नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या अगदी नव्या संस्थेने शेअरांची खरेदी-विक्री सुरू केली. तिचे ठाणे दलाल स्ट्रीटवर नव्हते, वरळीला होते. तिथे गर्दी नव्हती, आरडाओरडा नव्हता, घामाने भिजलेले सदरे नव्हते. काही यंत्रे होती, काही पडदे होते आणि छपरावर आकाशाकडे तोंड करून बसलेली एक भलीमोठी तबकडी होती. यानंतर साडेचार महिनेही गेले नाहीत तोच, १४ मार्च १९९५ रोजी, जुन्या मुंबई शेअरबाजारानेही आपले पडदे उघडले. एकशेवीस वर्षांच्या संस्थेतला गलका हळूहळू थांबला, आणि तो पुन्हा कधी उठला नाही.

ही हकीगत सांगताना बहुतेक लोक ती माणूस विरुद्ध यंत्र अशी सांगतात. कुणी यंत्राचा जयजयकार करतो, कुणी माणसासाठी उसासा टाकतो. मी या बाजाराचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसतशी माझी खात्री होत गेली की या गोष्टीचा नायक यंत्र नव्हे आणि माणूसही नव्हे. ही गोष्ट आहे दिलेल्या शब्दाची. शब्द कोणी द्यायचा, कोणी ऐकायचा आणि तो मोडला तर भरपाई कोणी करायची, या तीन प्रश्नांची ही दीडशे वर्षांची कथा आहे.

*

मुंबईचा शेअरबाजार जन्मला तो झाडाखाली. १८५० नंतरच्या त्या काळात टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे त्या परिसरात, वडाच्या सावलीत मूठभर दलाल जमत असत. त्यांना ना कचेरी होती ना पाटी. थोड्या बँकांचे आणि कापूस दाबणाऱ्या काही कंपन्यांचे शेअर, एवढाच माल. न्यूयॉर्कच्या बाजाराची कुळकथाही अशीच आहे. तिथे १७९२ साली चोवीस दलालांनी वॉल स्ट्रीटवरच्या एका झाडाखाली करार केला असे सांगतात. झाड आणि बाजार यांचे नाते आपल्याला काही नवे नाही. आपले आठवडे बाजारही पारावरच वाढले.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साऱ्या इंग्लंडचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडू लागला आणि त्याच्या बदल्यात सोन्यारुप्याचा लोंढा शहरात शिरला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, ते ऐन या भरतीच्या काळात. एवढा पैसा ठेवायचा कुठे? लोकांनी कंपन्या काढल्या. बँका निघाल्या, सावकारी कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. या साऱ्या खेळाचे सूत्रधार होते प्रेमचंद रायचंद. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे शेअर म्हणजे तर त्या काळचा परीसच! जमीन अजून पाण्याखालीच होती, पण तिच्या कागदाचा भाव आभाळाला भिडला होता.

हे सौदे बहुतांशी वायद्याचे होते. ‘वायदा’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वचन. अमुक तारखेला अमुक भावाने माल घेईन, असे वचन द्यायचे आणि ती तारीख येण्यापूर्वीच ते वचन दुसऱ्याला विकून मोकळे व्हायचे. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. आणि १ जुलै १८६५ हा दिवस उगवला, ज्या दिवशी शेकडो वायदे पुरे करायचे होते. ते पुरे करायला कोणीही पुढे आला नाही. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर उभा, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. तळची वीट निघाल्यावर वरची कशावर राहणार? बड्या बड्या पेढ्या बुडाल्या, आणि पुढे १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. भरभराटीच्या दिवसांत प्रेमचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली उभा राहिला. मुंबईत फोर्टमध्ये फिरताना तो मनोरा पाहिला की मला नेहमी वाटते, त्या साऱ्या कागदी श्रीमंतीतून आपल्या हाती दगडाचे म्हणून राहिले ते एवढेच!

उरलेल्या दलालांनी या धक्क्यातून जो धडा घेतला तो फार महत्त्वाचा आहे. झाडाखालून हाकलले की दुसऱ्या झाडाखाली, तिथून मेडोज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, अशी भटकंती करीत ते १८७४ साली एका गल्लीत स्थिरावले. पुढे तिलाच दलाल स्ट्रीट हे नाव पडले. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केले. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. या संस्थेचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: ज्याचा चेहरा आपण ओळखतो त्याच्याशीच सौदा करायचा, आणि जो शब्द मोडील त्याला आत येऊ द्यायचे नाही. १८९९ साली दलालांना स्वतःचे सभागृह मिळाले, १९३० साली नवी इमारत झाली. १९५६ साली रोखे करारांचा कायदा झाला आणि १९५७ साली सरकारने या बाजाराला कायमची मान्यता दिली. पण पाया तोच राहिला: ओळखीचा चेहरा आणि तोंडचा शब्द.

*

आता ते रिंगण कसे होते ते सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकांना त्याची कल्पना येणे अवघड आहे.

दुपारचे मोजके दोन-अडीच तास ते भरे. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या शेअरची जागा ठरलेली असे. त्या जागी त्या शेअरचे जॉबर उभे राहत. बाजाराच्या बोलीत त्यांना तारवणीवाले म्हणत. दलालाचा माणूस येऊन विचारी, “काय भाव?” आपल्याला घ्यायचे आहे की विकायचे आहे, याचा त्याने वासदेखील येऊ द्यायचा नाही. जॉबर एका दमात दोन भाव सांगे: एक तो घेईल तो, आणि दुसरा, किंचित चढा, तो देईल तो. त्या दोहोंतली फट ही त्याची रोजी. मग हात उठत, बोटे नाचत, गुजराती-हिंदी-मराठीची सरमिसळ झालेली आरोळी उठे आणि हजारो रुपयांचा सौदा पुरा होई. सही नाही, पावती नाही, साक्षीदार नाही. दोघेही आपापल्या चिमुकल्या वहीत पेन्सिलीने आकडा टिपून घेत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत.

नंतर दोन्ही बाजूंच्या वह्या ताडून पाहायच्या. बहुतेक सौदे जुळत. जे जुळत नसत त्यांना ‘वांधे’ म्हणत. आपण मराठीत ‘वांधे झाले’ म्हणतो तोच हा शब्द. एकाने शंभर ऐकले, दुसऱ्याने हजार सांगितले. मग दोघे बसून बहुधा समजुतीने तोडगा काढत. उद्या पुन्हा त्याच रिंगणात त्याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आहे, ही जाणीव कोणत्याही कोर्टापेक्षा प्रभावी होती. हजार सौदे नुसत्या बोलण्यावर होतात आणि दुसऱ्या दिवशी पाळले जातात, ही गोष्ट साधी नव्हे. आपल्याकडे ‘दलाल’ हा शब्द फारसा मानाने उच्चारला जात नाही. पण मानायचे तर हे मानलेच पाहिजे.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास, रिंगण भरलेले असताना, बाजाराच्या इमारतीच्या तळघरात बॉम्बचा स्फोट झाला. त्या दिवशीच्या मुंबईतल्या स्फोटमालिकेतला तो पहिला. इमारतीत आणि बाहेरच्या रस्त्यावर कितीतरी माणसे प्राणास मुकली. तरीही पुढच्या सोमवारी बाजार पुन्हा भरला. जखमा ओल्या असताना माणसे त्याच जागी येऊन उभी राहिली आणि भाव पुकारू लागली. रिंगण म्हणजे नुसते आकडे नव्हते, ती एक बिरादरी होती, हे त्या सोमवारइतके कधीच दिसले नसेल.

*

पण बिरादरीला दोन बाजू असतात. आतल्यांसाठी ती मायेची पाखर, बाहेरच्यांसाठी भिंत.

आपल्याकडे गुरांच्या बाजारात एक जुनी रीत होती. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालीत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी खरा आकडा दोघांनाच ठाऊक. शेअरबाजाराचे रिंगण वरवर पाहता याच्या अगदी उलट. तिथे सगळे ओरडूनच चाललेले. पण रिंगणाबाहेरच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विचार करा. सोलापूरचा एखादा पेन्शनर तिथल्या उपदलालाला सांगणार, तो मुंबईला ट्रंक कॉल लावणार, मुंबईचा दलाल आपल्या कारकुनाला रिंगणात पाठवणार. सौदा कोणत्या मिनिटाला, कोणत्या भावाने झाला, याचा पुरावा काय? दलाल सांगेल तो. आरोळी कितीही मोठी असो, सोलापूरपर्यंत ती ऐकू येत नव्हती. तिथवर पोहोचत होते ते उपरणेच!

याचा अनुभव आमच्याही घरी आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी शाळामास्तर. एका जुन्या कंपनीचे थोडे शेअर त्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतले होते आणि ते लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली, जपून ठेवलेले असत. बहिणीच्या लग्नाच्या वेळी ते विकायचे ठरले. आठ दिवसांनी चिठ्ठी आली. वडिलांनी त्या तारखेचे वर्तमानपत्र काढून ताळा पाहिला, तर आमचे शेअर नेमके दिवसातल्या सर्वांत उतरत्या भावाला गेले होते. घेताना काय झाले होते ते त्यांनी जुन्या चिठ्ठीवरून पाहिले. तेव्हा भाव दिवसातला सर्वांत चढा होता. ते काही बोलले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, “आपला मुहूर्तच नेहमी असा कसा निघतो?” फसवणूक झाली असे मी म्हणत नाही, झाली नाही असेही मला म्हणता येत नाही. ते कळायला मार्गच नव्हता, हीच खरी तक्रार.

याशिवाय कागदांचा जाच होताच. शेअर विकला की मूळ दाखला आणि हस्तांतराचा अर्ज टपालाने जायचा. सही जराशी वाकडी झाली की सारे परत यायचे. टपालात दाखले गहाळ होत, बनावट दाखले निघत. आणि ‘बदला’ नावाची एक पद्धत होती. तिच्यात सौद्याचे पैसे न चुकवता, व्याज भरून, तो पुढच्या हिशेबावर ढकलता येई. म्हणजे १८६५ चा वायदा वेगळ्या वेषात नांदतच होता.

*

१९९१ साली देशाचे अर्थकारण खुले झाले. त्याच सुमारास एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशव्यापी नव्या शेअरबाजाराची शिफारस केली. पाठोपाठ १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले, बँकांचा पैसा बाजारात कसा खेळवला गेला ते जगाला दिसले, आणि सरकारची पावले झपाट्याने पडू लागली. सेबीला त्याच वर्षी कायद्याचे अधिकार मिळाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची नोंदणी झाली. आय.डी.बी.आय.सारख्या वित्तसंस्था तिच्या मालक होत्या. दलालांकडे मालकी नव्हती. तिची उभारणी केली ती डॉ. आर. एच. पाटील आणि त्यांच्या लहानशा चमूने.

त्या काळी आपले टेलिफोन कसे होते ते सांगायला नको. पुण्याचा नंबर लागेपर्यंत माणूस पुण्याला जाऊन येई! अशा तारांवर देशाचा बाजार चालवणे अशक्य. तेव्हा या मंडळींनी तारा सोडून आकाशच गाठले. दलालाच्या कचेरीच्या गच्चीवर छोटी तबकडी बसवायची, तिने उपग्रहामार्फत वरळीच्या संगणकाशी बोलायचे. सौद्याचे नियम दोनच, आणि दोन्ही शाळकरी मुलालाही समजतील असे. चांगला भाव देईल तो पुढे. दोघांचा भाव सारखा असेल तर आधी आला तो पुढे. रेशनच्या रांगेतही वशिला चालतो, इथे तोही चालायचा नाही. घेणारा कोण, विकणारा कोण हे कोणालाच कळायचे नाही. आणि प्रत्येक सौद्यावर वेळेचा शिक्का.

जाणत्यांचे मत असे होते की हा बाजार चालणार नाही. त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. गिऱ्हाईक जिथे असते तिथेच गिऱ्हाईक जाते. भरलेली मंडई सोडून शेजारच्या रिकाम्या ओट्यावर भाजी घ्यायला कोण जाईल? तरीही वर्षभराच्या आत नव्या बाजाराची उलाढाल जुन्या बाजाराच्या पुढे गेली. असे का झाले? पडदा तर जुन्या बाजारानेही लावला होता. माझ्या मते उत्तर यंत्रात नाही, नकाशात आहे. जुन्या बाजाराच्या पडद्यांना मुंबईबाहेर जाण्याची परवानगी मिळायला काही काळ लागला. नव्या बाजाराच्या तबकड्या शहरामागून शहर घेत गेल्या. दलाल स्ट्रीटला ज्या गिऱ्हाइकाची आरोळी कधी ऐकूच आली नव्हती, ते गिऱ्हाईक नव्या बाजाराने रांगेत आणून उभे केले. मंडईतली माणसे शेजारच्या ओट्यावर गेलीच नाहीत. ओटाच गावोगाव गेला.

*

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. लंडनच्या शेअरबाजारात २७ ऑक्टोबर १९८६ रोजी, ‘बिग बँग’ म्हणून गाजलेल्या दिवशी, नियम बदलले आणि भाव पडद्यावर दिसू लागले. दलाल सभागृहात उभे राहूनच सौदे करीत राहतील, असा अनेकांचा होरा होता. काही महिन्यांतच सभागृह ओस पडले. पॅरिसच्या वायदेबाजाराने १९९८ साली ठरवले की रिंगण आणि पडदा दोन्ही शेजारी शेजारी चालू द्यावेत, ज्याला जे आवडेल ते त्याने वापरावे. काही आठवड्यांतच रिंगण रिकामे झाले.

सर्वांत बोलकी हकीगत जर्मनीच्या सरकारी रोख्यांच्या वायद्याची. रोखे जर्मनीचे, पण त्यांचा वायदा १९८८ पासून लंडनच्या लिफ नावाच्या बाजारात, रंगीबेरंगी कोट घातलेल्या आरोळीबहाद्दरांच्या हाती. फ्रँकफर्टला १९९० साली नुसत्या पडद्यांचा एक बाजार निघाला. कित्येक वर्षे लंडनवाले त्याला हसत होते. मग फ्रँकफर्टवाल्यांनी आपले पडदे युरोपभर आणि समुद्रापलीकडे नेऊन बसवले, सौद्याचा खर्च कमी ठेवला आणि १९९७-९८ या दोन वर्षांत तो सारा व्यवहार लंडनच्या हातून फ्रँकफर्टकडे गेला. शिकागोच्या रिंगणांनी जास्त दम धरला. तिथली वायद्यांची बहुतेक रिंगणे २०१५ साली बंद झाली. लंडनचा धातूंचा बाजार मात्र हट्टी निघाला. करोनाच्या साथीत २०२० साली बंद पडलेले आपले लाल गाद्यांचे रिंगण त्याने २०२१ साली पुन्हा सुरू केले. जुन्या गोष्टी सगळ्याच मरत नाहीत. काही केवळ आकसतात.

*

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रिंगणात शब्दाची हमी चेहरा देत होता. पडद्यावर तर चेहराच पुसला गेला! मग बुडव्या माणसाने सौदा केला तर पैसे कोणी द्यायचे? या प्रश्नाकडे लक्ष दिले नसते तर पडदा म्हणजे १ जुलै १८६५ ला पुन्हा दिलेले आमंत्रण ठरले असते.

म्हणून यंत्रामागोमाग दोन संस्था आल्या, आणि माझ्या मते खरी क्रांती ती. १९९६ साली नव्या बाजाराच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने काम सुरू केले. ही संस्था प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभी राहते. विकणाऱ्यासाठी ती घेणारी, घेणाऱ्यासाठी ती विकणारी. एक बाजू बुडाली तरी दुसरीला पैसे मिळतात, आणि त्यासाठी सर्वांकडून आगाऊ अनामत घेतलेली असते. त्याच वर्षी डिपॉझिटरीचा कायदा झाला आणि शेअरचे दाखले कागदावरून खात्यात गेले. लोखंडी पेटीतले आमचे उरलेसुरले कागदही तसेच विरघळून एका ओळीची नोंद झाले. आईला मात्र ती नोंद पेटीइतकी भरवशाची कधी वाटली नाही. २००१ साली बदल्याची पद्धत बंद झाली. हिशेब पूर्वी पंधरवड्यापर्यंत लांबत, ते आता सौद्यानंतर एका दिवसात पुरे होतात. २०२३ च्या जानेवारीपासून साऱ्या शेअरांना हा नियम लागू आहे. वचन आणि पूर्तता यांच्यातले अंतर जितके कमी, तितकी वचन मोडायला जागा कमी. १८६५ ने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मुंबईला एकशे तीस वर्षे लागली.

मग सारे गोडच झाले का? तसे म्हणणे खोटे होईल. ज्यांचे भांडवल म्हणजे कणखर गळा, तल्लख कान आणि शंभर भाव ध्यानात ठेवणारी स्मरणशक्ती, त्या जॉबरांची विद्या एका वर्षात कवडीमोल झाली. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला “आता ओरडू नका, टंकन शिका” असे सांगणे सोपे आहे, ऐकणे कठीण. काही शिकले, काही घरी बसले. प्रगतीच्या हिशेबात या माणसांच्या नावे एखादी ओळ लिहायला आपण बहुधा विसरतो.

यंत्रालाही त्याचे स्वतःचे वांधे आहेत. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका पेढीवर आकडा चुकीचा दाबला गेला आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे पंधरा टक्के कोसळून व्यवहार थांबवावे लागले. रिंगणात असा आकडा कोणी पुकारला असता, तर शेजारच्याने खांदा हलवून “शुद्धीवर ये” म्हटले असते. यंत्राने तो निमूटपणे पाळला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तर नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार ऐन मध्यान्ही जे बंद पडले ते संध्याकाळीच सुरू झाले. ‘आधी येईल तो पुढे’ या साध्यासुध्या नियमालाही नवी धार आली: क्षणाच्या हजाराव्या भागाने आधी पोहोचावे म्हणून मोठे दलाल आपली यंत्रे बाजाराच्या यंत्राशेजारीच भाड्याने ठेवू लागले, आणि त्यावरून उठलेले वाद थेट न्यायाधिकरणापर्यंत गेले. जागेसाठी रेटारेटी रिंगणातही होती. फरक इतकाच की तिथली कोपरखळी डोळ्यांना दिसत होती.

आणि सर्वांत मोठा धोका आपल्याच खिशात आहे. रिंगणाची भिंत सामान्य माणसाला बाहेर ठेवीत होती, ही त्याची तक्रार होती. पण ती भिंत त्याला काही वेळा वाचवीतही होती. उपदलाल, ट्रंक कॉल, टपाल, या सगळ्या अडथळ्यांत मोहाचा जोर ओसरून जाई. आता मोबाइलवर अंगठा टेकला की वायदा झाला. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांचे वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यात कोणी त्यांना भाव चोरून विकला नाही. प्रत्येक सौदा उजेडात झाला, वेळेच्या शिक्क्यानिशी झाला, पैही न बुडता चुकता झाला. पडद्याने उपरणे दूर केले, परंतु उपरण्याखालचा हात कोणाचा होता हे आता पाहावे तर तो आपलाच निघतो!

तरीही, निवड करायचीच झाली तर मी पडद्याच्या बाजूने मत देईन. रिंगणाचा गलका कितीही जिवंत असला, त्यातला शब्द कितीही पाळला जात असला, तरी तो शब्द आतल्यांनी आतल्यांना दिलेला होता. तालुक्याच्या गावच्या मास्तरला तो कोणी दिलाच नव्हता. आज त्याच्या मुलीला तिच्या शेअरचा भाव मुंबईच्या कोट्यधीशाला दिसतो तोच, त्याच वेळी दिसतो, आणि विकलेल्या शेअरचे पैसे तिला मिळणार याची हमी तिला कोणाच्या ओळखीवाचून मिळते. ही गोष्ट लहान नाही. भाव कळणे हा तिचा हक्क होता आणि तो तिला मिळाला आहे. भाव कळला म्हणून मोल कळते असे मात्र नाही. ते शिकवणारे यंत्र वरळीतही नाही आणि दलाल स्ट्रीटवरही नाही. ते ज्याचे त्याने, घरच्या दिव्याच्या उजेडात, स्वतःच्या वहीत मांडून पाहायचे असते.